वरच्या अर्ध्यात राहिलेला एक

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला कळायची नाही. अकोल्याच्या पॉलिटेक्निकमधली ती दुपार. कूलर नुसताच घरघरतोय, तुम्ही ओला नॅपकिन मानेवर टाकून माझ्यामागे उभ्या आहात. प्रोसेसरचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा खण, त्याचे दोन अर्धे. मी खालच्या अर्ध्यात आकडा भरलाय आणि बेरजेला अख्खं रजिस्टर घेतलंय. उत्तर भलतंच. "वरच्या अर्ध्यात मागचं तसंच पडून हाये, ते काहून पुसलं नाई? मशीन काय तुह्या मनातलं वाचते?" वर्ग हसला. मला तुमचा राग आला होता.

पुढे नांदगाव पेठेत एका कापड कारखान्यात लागले. तिथे रंगाच्या बंद हंड्यावर जुना कंट्रोलर होता. हंडा थंड व्हायला वीस मिनिटं दिली की हिरवा दिवा लागायचा, झाकणाचं कुलूप सुटायचं. त्या प्रोग्राममध्ये मी छोटा बदल केला. झालेली मिनिटं खालच्या अर्ध्यात घेतली आणि तुलना अख्ख्या रजिस्टरशी केली. वरचा अर्धा एरवी शून्यच असे, म्हणून महिनाभर काही बिघडलं नाही. एका सकाळी तिथे आधीच्या कामातला एक राहिला. वरच्या अर्ध्यातला एक म्हणजे दोनशे छप्पन्न. झाली होती तीन मिनिटं, मशीनने वाचली दोनशे एकोणसाठ. हंड्यावर काम करणाऱ्या काकांनी झाकण उघडलं आणि उकळता रंग त्यांच्या दोन्ही हातांवर आला.

चौकशीत ते म्हणाले, "हिरवा दिवा लागला व्हता, साहेब. मंगच खोललं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ती ओळ मी चौकशीच्या आदल्या दिवशी गुपचूप दुरुस्त केली होती. "प्रोग्राम तपासला सर, बरोबर आहे," मी म्हणाले. तेव्हा तो बरोबरच होता. काकांनी घाई केली असं कागदावर आलं आणि त्यांचं काम गेलं.

सहा महिन्यांनी काका चांदूर रेल्वेहून, त्यांच्या गावाहून, कारखान्याच्या गेटवर आले. बोटं एकमेकांना चिकटलेली. "ताई, तुमी मशीनवाल्या. येकच सांगा, दिवा उगाच हिरवा लागू शकते का? घरचे म्हनतात, तुले भास झाला. आता मले बी तसंच वाटून राह्यलं."

"मला नाही सांगता येणार, काका."

त्यांनी मान डोलावली. नमस्काराला हात उचलले, पण ते जुळेनात.

मॅडम, हे सगळं त्यांना लिहायला हवं. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे. तुमचा नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.