टोपीवर मोजलेलं ऊन

शेवगाव
१४ जानेवारी २०२५

ती. रंगनाथमामांस,
पंकजाचा सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात घातला आहे. पोस्टात चुरा झालाच तर चुराही गोड मानून घ्या. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं डोळ्यांना सोसत नाहीत, म्हणून हा कागद.

सूर्यभानशेठच्या शूटिंगच्या दुकानात मी ड्रोन उडवते हे तुम्ही गावभर सांगितलंत. आता उडवत नाही. मागच्या लग्नात ड्रोन मांडवाकडे वळवला की चित्र उजळायचं आणि चित्रात आभाळ आलं की सगळं वऱ्हाड काळंठिक्कर पडायचं. किती उजेड घ्यायचा हे मी कॅमेऱ्यावरच सोपवलं होतं, आणि तो दर वळणाला मत बदलत होता. नवरीच्या वडिलांनी व्हिडिओ परत आणून दिला. शेठनी रिमोट काढून घेतला आणि मला अल्बम लावायला बसवलं.

एकच संधी उरली आहे. सोळा फेब्रुवारीला आमच्या गावच्या सप्ताहाचा काला आहे, त्याचं शूटिंग आमच्याकडे आहे. हंडी भर बारा वाजता फुटते आणि एकदाच फुटते. जमलं तर रिमोट तुझा, नाही तर कायमची अल्बमवर, असं शेठ म्हणाले. मामा, मी अल्बमवर बसणार नाही. तुम्ही चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलात, उजेड कसा धरायचा ते सांगा.

आई बरी आहे. तुमची माया आहेच, ती तशीच राहू द्या.

आपली भाची,
पंकजा

*

नेवासा
२० जानेवारी २०२५

चि. पंकजास,
अनेक आशीर्वाद.

चुरा चमच्याने खाल्ला. गावभर सांगितलं ते मी काही मागे घेणार नाही, तेव्हा माझ्या अब्रूसाठी तरी तुला ड्रोन उडवावा लागेल.

उजेड कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडू नकोस. एकदा मोज आणि त्याला कुलूप लाव. मोजायचा तो चेहऱ्यावर. ही अक्कल मला फार उशिरा आली. लग्नानंतर तुझ्या छबूमामीचा फोटो काढला, तेव्हा उजेड मोजायचा मीटर धरला तिच्या मोतिया लुगड्यावर. काठ झळकले आणि चेहरा काळा पडला. ती इतकी हिरमुसली की पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. आता ती गेली, आणि स्टुडिओवाल्याच्या घरात बायकोचा एक धड फोटो नाही.

म्हणून सांगतो, सावलीतल्या चेहऱ्याला पोटभर उजेड दे. पांढऱ्याचं पांढरं बघून घेईल.

ताईला नमस्कार सांग. पत्राची वाट पाहतो.

तुझा मामा,
रंगनाथ

*

शेवगाव
३० जानेवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

शेठच्या मागे लागून अर्धा तास रिमोट मिळवला आणि आठवडे बाजाराच्या कडेने ड्रोन फिरवला. कुलूप लावलं होतं, उजेड जराही हलला नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चेहरेही सुरेख आले. टोप्या मात्र गेल्या. शिवण नाही, घडी नाही, माणसांच्या डोक्यावर नुसते पांढरे डाग. कॉम्प्युटरवर चित्र कितीही मंद केलं तरी डाग करडा होई, टोपी काही येईना. आणि एक भाजीवाला सावलीत काळा आला होता, त्याला उजळल्यावर मिशीसुद्धा दिसली.

मामा, रागावू नका, पण तुमचा नियम फिल्मचा आहे. इथे पांढरं जळलं की गेलं, काळं मात्र थोडंफार मागे आणता येतं. जळणाऱ्या जागी स्क्रीनवर तिरके पट्टे दिसायची सोय आहे, ती मी बंदच ठेवली होती. आता चालू केली. भर उन्हासाठी कॅमेऱ्यापुढे लावायची काळी काचही आहे, गॉगलसारखी.

शेठ म्हणाले, तू आणि तुझा मामा मिळून माझं दुकान बुडवाल. मी त्यांना सांगितलं की सोळा तारीख तुम्ही मला दिली आहे आणि ती मी सोडणार नाही. काल्याला हजारभर टोप्या असतील. त्या जाळायच्या नाहीत, हे ठरलं.

चुकीचं बोलले असेन तर कान धरा, पण लोभ कमी करू नका.

आपली,
पंकजा

*

नेवासा
५ फेब्रुवारी २०२५

चि. पंकजास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस रुसलो होतो. मग आठवलं, टॉकीजमध्ये दाखवायच्या जाहिरातींच्या स्लाइड मी करायचो, त्यात पांढरं जळलं की संपलंच. मला हे ठाऊक होतं पोरी, आणि तरी तुला चुकीचं शिकवलं. चूक माझी.

आता मी स्वतः येतो. छबूने शिवलेली एक टोपी आहे. पांढरा दोरा संपला म्हणून कडेचे टाके तिने निळ्या दोऱ्याने घातले होते. ती धुऊन, नीळ घालून, कडक इस्त्री करून घालतो. हंडीआधी मैदानाच्या कडेला उन्हात उभा राहीन. ड्रोन खाली आण. टोपीवर पट्टे दिसले तर निळा दोरा दिसेपर्यंत उजेड कमी कर, मग कुलूप लाव. मला हाक मारू नकोस, ऐकू येणार नाही. जमलं की नुसता हात वर कर.

भेटीअंती बोलूच.

तुझा मामा

*

शेवगाव
२० फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही तिथेच होतात, पण काय काय झालं ते तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या टोपीवरचे पट्टे गेले, दोरा दिसला, मी कुलूप लावून हात वर केला. तुम्हीही टोपी सांभाळत हात वर केलात. आई मागून ओरडत होती, मामाला म्हनावं सावलीत बस, लई ऊन हाय.

हंडीची वेळ झाली आणि शेठ माझ्या मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर लिंबाखालच्या बायका काळ्या दिसत होत्या. ते ओरडले की उजेड वाढव, सगळं घालवलंस, आणि त्यांनी रिमोटला हात घातला. मी पाठ फिरवली आणि म्हणाले की आज रिमोट माझ्याकडे आहे. तेवढ्यात हंडी फुटली. ड्रोन आभाळातून मैदानावर येताना चित्रातला उजेड जराही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर सावल्या उजळल्या. उडालेल्या लाह्या वेगळ्या दिसल्या, टोप्यांच्या घड्या दिसल्या, आणि लिंबाखाली आई हसताना दिसली. शेठनी दोनदा पाहिलं. ड्रोनची बॅग माझ्या टेबलावर ठेवली आणि अल्बमचा गठ्ठा स्वतः उचलून नेला.

सोबत एक फोटो पाठवते. हंडीचा नाही, तिच्या आधीचा आहे.

लोभ होताच, आता हक्काने मागते.

आपली,
पंकजा

*

नेवासा
२६ फेब्रुवारी २०२५

चि. पंकजास,
अनेक आशीर्वाद.

फोटो भिंग घेऊन पाहिला. टोपीच्या कडेला चौदा टाके मोजले. सातवा तिरका आहे. त्यावरून मी छबूला चिडवायचो आणि ती टोपी ओढून घ्यायची.

तिचा चेहरा मी घालवला होता. तिच्या हातचं तू जपलंस. तिच्या त्या काळ्या पडलेल्या फोटोच्या शेजारी हा लावला.

टोपी पुन्हा धुऊन नीळ घालून ठेवली आहे. कुठेही ऊन मोजायचं असेल तर बोलाव, मी येऊन उभा राहीन.

तुझा मामा,
रंगनाथ