द्राक्षमळ्यातली मजुरी

लातूर,
२० सप्टेंबर २०२४

चि. आनंदराज यास,

आक्काचा प्रभूच्या नावात सलाम. मोबाईलवर तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हे पत्र.

आमच्या परिषदेचा विषय ठरला: देशाचं दारिद्र्य आणि ख्रिस्ती उपाय. नोव्हेंबरात, एसी हॉलमध्ये. बिशप साहेब येणार, जेवणात दोन गोड पदार्थ. वक्त्यांत तुझं नाव मी घुसवलंय. तेव्हा चर्चमधल्या पाळकासारखं नको, माणसासारखं बोल आणि वीस मिनिटांत आवर. आधी तुझ्या चर्चच्या मंडळीवर प्रयोग करून बघ, त्यांना सवय आहे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आक्का,
सुवार्ता

देगलूर,
१ ऑक्टोबर

ती. आक्कास,

आनंदराजचा सलाम. प्रयोग केला आणि फसलो.

रविवारी प्रवचनाला बायबलातला द्राक्षमळ्याचा दाखला घेतला. मळ्याच्या धन्याने सकाळी आलेल्याला आणि संध्याकाळी आलेल्याला सारखीच मजुरी दिली, देशानेही तसंच वागावं, वगैरे. मंडळी नेहमीसारखी पेंगली. पण चर्चच्या कंपाउंडची भिंत चाललीय ना, तिथली मजूर चतुराबाई भिंतीला पाणी मारायला आली होती. तिने पायरीवर बसून सगळं ऐकलं.

सोमवारी तिने आणि बाकीच्या बायांनी घमेली खाली ठेवली. म्हणाली, गड्याला पाचशे आन् आम्हाला तीनशे, तुमच्या येशूच्या मळ्यात असंच हाय का?

मी आमचे खजिनदार चंद्रप्पा यांच्याकडे गेलो. भिंतीचा पैसा त्यांच्याच देणगीतला. ते म्हणाले, पास्टर, दाखला स्वर्गाचा हाय, भिंत देगलूरची. आता सारखी मजुरी दिली तर भिंत अर्धीच राहणार आणि चंद्रप्पा माझी बदली करवणार. नाही दिली तर कोणत्या तोंडाने लातूरला येऊ? लई अवघड करून ठेवलंस.

रागावलीस तरी धाकट्यावरचा हात काढू नको.

तुझा आनंदराज

लातूर,
५ ऑक्टोबर

चि. आनंदराज यास सलाम.

अवघड मी नाही, तो दाखला लिहिणाऱ्या मत्तयाने करून ठेवलंय.

चंद्रप्पांचे साडू बिशप साहेबांकडे चहाला असतात, हे विसरू नकोस. बदली झाली तर लेकीला दहावीच्या वर्षी शाळा सोडावी लागेल. अंजू हे बायको म्हणून सांगेलच, मी बहीण म्हणून आधी सांगते.

पण आमच्या परिषदेच्या ठरावात देशभर बायांना सारखी मजुरी मागितलीय, आणि देगलूर सीमेवर असलं तरी अजून देशातच आहे. तो ठराव मीच टाइप केलाय. देऊन टाक. अंजू चिडली तर माझं नाव सांग.

काळजीत आहे, पण तुझ्या बाजूला आहे.

सुवार्ता

देगलूर,
२१ ऑक्टोबर

ती. आक्कास सलाम.

दिली. भिंत कमरेएवढी होऊन थांबली, शेळ्या आत येऊन राहिल्यात. चंद्रप्पांनी देणगी बंद केली, वर तक्रारही केली. अंजूने दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी स्वतःच बायांना चहा घेऊन गेली.

तेवढ्यात सोयाबीन काढणीला आलं. चंद्रप्पांच्या शेतातल्या बायांनीही गड्यांएवढाच रोज मागितला. ते अडून बसले. शेंगा तडकायला लागल्या तेव्हा कबूल झाले. काल चर्चला आले, मागच्या बाकावर हात बांधून बसले. जाताना म्हणाले, पुढच्या रविवारी मजूर नसलेला दाखला घ्या. बदलीचं काही बोलले नाहीत, तूर्त तरी.

परिषदेतून माझं नाव कापल्याचं पत्र आलं. वक्ते जास्त झाले म्हणे. हे तू केलं नसणार, ठाऊक आहे. तरी वाईट वाटलं.

चतुराबाईने विचारलं, परिषद म्हंजे काय? मी म्हटलं, गरिबी कशी जाईल ह्याचा विचार करायला लोक जमतात. तिने विचारलं, मग त्यात गरीब किती येणार हायेत? मी म्हटलं, आक्काला विचारून सांगतो.

ती रोज येऊन विचारून राहिलीय. तेवढं लवकर कळव.

तुझा,
आनंदराज