मी चोवीस वर्षांचा असताना

४ जानेवारी
जगानं ठरवलंय की माझे गुडघे दुखतात. माझे गुडघे दुखत नाहीत. तरी सकाळी फोन उघडला की आधी गुडघ्याचं तेल, मग कलप, मग 'पन्नाशीनंतरची झोप'. पन्नाशीला अजून दोन वर्षं आहेत. तक्रारीचा अर्ज कुठे द्यायचा, तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान असून मला माहीत नाही. गावाचे मात्र रोज भरते.

६ जाने.
इंझोरीहून माझ्या मैत्रिणीची, कांताबाईची जुळी आली, संदीप आणि सुजाता. दोघांची कृषी पदविका एकाच वर्षीची. सुजाताचे मार्क जास्त, हे संदीपच सांगतो. त्याच्या फोनवर जाहिरात: बियाणं कंपनीला फील्ड ऑफिसर पाहिजे, मंगरूळपीर भाग, अर्ज १२ पर्यंत. त्याचा भरला.
सुजाता म्हणाली, "मले काहून नाई आली हे?"
तिचा फोन पाहिला. गोरं करणारी क्रीम, शिलाई मशीन, वधू-वर. अर्धा तास सरकवलं, बियाणं उगवलं नाही.
संदीप : "एकाच पोटातून आलो मावशी, एकाच टॉवरखाली राह्यतो."

७ जाने.
प्रयोग. फोनच्या खात्यात मी पुरुष झाले. वय चोवीस. कुणाला सांगितलं नाही.

८ जाने.
गुडघे बरे झाले. तेल गायब. मोटारसायकल, दाढी वाढवायचं औषध, प्लॉट. दुपारच्या चहाला बियाणं कंपनीही हजर. 'फक्त मुले' असं कुठेच लिहिलेलं नाही. लिहायचं कशाला, ज्याला दाखवायची त्यालाच दाखवली.

९ जाने.
सुजाताला बसवून जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला. स्पीकरवर. साहेब गोड.
"मुली चालतात ना मॅडम. पण त्या अर्जच करत नाहीत हो."
"दिसली तर करतील."
"ते जाहिरात एजन्सी पाहते. आम्ही फक्त म्हटलं, उन्हातान्हात फिरणाऱ्यांना दाखवा."
फोन ठेवल्यावर सुजाता : "तूर काय घरात बसून सोंगून राह्यलो का आमी बाया?"
तिचाही अर्ज भरला.

१० जाने.
इथल्या साप्ताहिकात मी सदर लिहिते, त्यात त्या एजन्सीला सोलायचं ठरवलं होतं. पुरावे म्हणून सुजाताची जुनी फाईल काढली. वरच गेल्या वर्षीचा शिवणवर्गाचा फॉर्म. अक्षर माझं. तिनं मागितला नव्हता, मीच पुढे केला होता.
काउंटरखाली वाकून पाहिलं. डावीकडे पोरींचा गठ्ठा : शिवण, पार्लर, अंगणवाडी. उजवीकडे पोरांचा : पोलीस, वीज, ड्रोन फवारणी. गिऱ्हाईकाचा चेहरा पाहिला की हात आपोआप जातो. दहा वर्षं. एजन्सीला निदान संगणक लागतो...
सदर लिहिलं नाही.

११ जाने.
दोन्ही गठ्ठे एक. सगळे कागद दुकानाबाहेर दोरीवर, कपड्यांचे चिमटे लावून. एक आजोबा पार्लरचा फॉर्म बराच वेळ वाचत होते. हरकत नाही.

१५ जाने.
मुलाखतीचं बोलावणं दोघांनाही. उद्या, वाशीमला. आपल्या भागाला जागा एकच.
संदीप : "तिले भेटली त मी हिंडवीन गाडीवर."
सुजाता : "गाडी मले येते. तू मागं बस."

२० जाने.
निकाल नाही. फोन केला तर साहेब 'कळवतो' म्हणाले. आता मला 'मॅडम' म्हणत नाहीत, ही प्रगती की काय, कळेना. फोनवर मी अजून चोवीसचाच. दाढीचं औषध रोज येतं.
कांताबाईचा डबा दिवाळीपासून माझ्याकडे. त्यातल्या मुंगाच्या वड्या कधीच संपल्या. रिकामा परत द्यायचा नसतो आणि स्वयंपाकाचा मला कंटाळा, म्हणून पडून होता. आज तिळाचे लाडू वळले. दोन फुटले, ते खाल्ले. बाकीचे दाबून भरले आणि स्टँडवर जाऊन इंझोरीच्या बसच्या खिडकीतून डबा सुजाताकडे दिला.
शिवणवर्गाच्या त्या फॉर्मबद्दल बोलायचं होतं. बस सुरू झाली.
"आईले सांग, उशीर झाला," एवढंच म्हटलं.