दिवा वाढव

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५
शेजारच्या दुर्गाबाई आज मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरल्या. "सर, बेल वाजवू वाजवू बोट दुखलं माह्यं! मले वाटलं तुमी बी गेले बाईच्या मागं." कुकरचे बूड काळे झाले होते. शिट्ट्या देऊन तोही थकला असावा. मला काही ऐकू आले नाही. श्रवणयंत्राने केवळ पंख्याची घरघर वाढते.

माझी बायको रागिणी होती तोवर कान तिचेच होते. दाराशी कोणी आले की खांद्यावर एक टिचकी. कुकर झाला की दोन.

दुर्गाबाईंनी अकोल्याला कळवलेच. वर्षालीचा संदेश— "बाबा, हट्ट पुरे. अमरावतीचं घर बंद करा, आमच्याकडे या." मी उत्तर लिहिले: सोळा तारखेला जावईबापूंसह ये. तोवर बेल-शिट्टी कळायची सोय झालेली नसेल, तर बॅग भरतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
तळहाताएवढा संगणक आला! सोबत तारा खोचायचा छिद्राछिद्रांचा ब्रेडबोर्ड, तारा, तीन इवले एलईडी दिवे. लाल पुढच्या दाराचा, हिरवा मागच्याचा. पिवळा कुकरचा— शिट्टी टिपणारी चकती ओट्याजवळ राहील. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने पासष्टीनंतर हे आरंभावे!

शनिवार, ८ नोव्हेंबर
लाल पेटत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
पेटला! उलटा बसवला होता. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. मग तिन्ही एका रांगेत लागले. "अगं, बघ तरी," असे म्हणत स्वयंपाकघराकडे वळलोसुद्धा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
प्रोग्राममध्ये आज्ञांना मराठी नावे देता येतात, हे पाहून हर्ष झाला. दिवा लावण्यासाठी 'लाव' लिहिले. बंद करण्यासाठी 'विझव'— आणि हात थांबला. आमचा जुना वाद आठवला.

"दिवा इझव म्हनू नाई जी. वाढव म्हना."
"वाढवणे म्हणजे अधिक करणे, रागिणी."
"तुमच्या कॉलेजात असंन. माह्या घरात वाढवला का दिवा शांत होते."

'विझव' खोडले. 'वाढव' लिहिले.

रविवार, १६ नोव्हेंबर
दोघे आली. मी चहा ठेवायला गेलो, तेवढ्यात शेखररावांनी प्रोग्राम वाचला. मी परतताच मोठ्याने म्हणाले, "बाबा, 'वाढव'मध्ये शून्य कसं? दिवा बंदच होईल ना! एक केलाय मी." आणि मी सांगून ठेवल्याप्रमाणे, आज्ञाधारकपणे दुर्गाबाईंनी त्याच क्षणी पुढची बेल दाबली.

लाल लागला. लागलेलाच राहिला. मग हिरवा, मग पिवळा— तिन्ही ठाण मांडून बसले. कोण बोलावते आहे, काही कळेना. वर्षाली माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "बाबा, याच्या भरवशावर तुम्हाला एकटं ठेवू?"

बॅग कपाटावर आहे, एवढेच मनात आले.

ती संगणकाच्या पडद्यापाशी वाकली. 'वाढव'वर बोट ठेवले. मग पदर नसतानाही पदर शोधावा तसा हात डोळ्यांशी गेला. "शेखर, चूक नव्हती ती. आई दिव्याला विझव म्हणूच द्यायची नाही. वाढव म्हणजे शांत कर."

शेखररावांनी शून्य परत लिहिले. लाल लागला, शांत झाला. दारातून दुर्गाबाई— "अजून किती खेपा दाबू जी? भाजी करपून राहिली माही!"

जेवताना वर्षालीला कुकरचा वास सोसेना. उठून खिडकी उघडली. अकोल्याचा विषय निघाला नाही. निघताना एवढेच म्हणाली, "पाहू."

मंगळवार, १८ नोव्हेंबर
पिवळा लागला. भात उत्तम झाला.

शनिवार, २२ नोव्हेंबर
वर्षालीचा संदेश. माझ्याशी नेहमी शुद्ध लिहिणारी मुलगी. आज आईच्या बोलीत—

"बाबा, बाळंतपन माहेरीच करतो मी. तुमी कोठी जाऊ नका. बाळ रडलं का लागंन, असा चवथा दिवा करून ठेवा."

दुरुस्त केले नाही.