सातानं गुणून बघा

खुटबाव, रविवार संध्याकाळ

प्रिय आप्पा,

आज वडगाव रासाईला, नदीवर, तुमचा दहावा झाला. पिंड ठेवले, भाषणं झाली, कावळा शिवला, लोक जेवून गेले. मी पाचच्या सुमारास घरी आले. मला पत्र लिहायची सवय नाही. पण आज इतकी किळस आली आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही. आणि हे समजून घेणारे तुम्हीच होतात.

तुमचा आकडा! १४२८५७. तुमच्या सायकलवर मागं बसून, मांडीवर पाटी घेऊन मी तो गुणायची. दोननं २८५७१४. तीननं ४२८५७१. सहापर्यंत तेच सहा आकडे! "पंगत तीच गं, नुसती बसायची जागा बदलती," तुम्ही म्हणायचात. आणि सातनं? ९९९९९९! दर वेळी तुम्ही पहिल्यांदाच बघितल्यासारखे हसायचात.

पण चमत्कार म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. "एकाला सातानं भाग. बाकी एक ते सहाच उरणार. एक परत आला की पुन्हा तीच रांग. कारण कळलं की जास्त गोड लागतं."

मग तो आकडा बाळासाहेबाला कशाला दाखवलात हो? तुमचा हा पुतण्या यंदा गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभा आहे. त्यानं कार्डं छापली. वर सोनेरी आकडा, खाली हात जोडलेला तो, कोपऱ्यात तिकिटाएवढे तुम्ही. 'ही दिव्य संख्या रोज म्हणा, कितीनंही गुणा, बदलत नाही.'

कावळा येईना. बाळासाहेबानं माईक घेतला. "आप्पांचा जीव आकड्यात अडकलाय. समद्यांनी म्हणा, एक लाख बेचाळीस हजार…" आणि सगळा घाट ओरडायला लागला, आप्पा! मला तिथून उठून जावंसं वाटलं. शेवटी आत्या खेकसली, "आरं मागं सरका की, कावळा माणसात यील व्हय?" लोक मागं सरले, कावळा आला. टाळ्या कुणाला? आकड्याला!

निघताना त्यानं माझ्या हातात गठ्ठा दिला. "ताई, तुमच्या गावात वाटा."

"सातानं गुणून बघ," मी म्हणाले.

त्यानं मोबाईलवर गुणलं. मला वाटलं, आता तरी ओशाळेल. तर म्हणतो, "आयला, सहा नऊ! हे तर लईच भारी. पुढच्या छपाईत टाकतो!"

शी!

आप्पा, एक वचन देते. ही कार्डं माझ्या हातून कुणालाही जाणार नाहीत. आकडा कुणी विचारला, तर आधी त्याला एकाला सातानं भागायला बसवीन. हात जोडू देणार नाही.

घरात आत्ता कुणी नाही. कार्डांची पाठ कोरी आहे, एकाच्या पाठीवर तो भागाकार मांडला. बाकी तीन, दोन, सहा, चार, पाच. मग एक परत आला. पेन ठेवलं आणि दूध तापत ठेवलं.

तुमची लेक,
सुमन