उशीखालची साडी

१२ जानेवारी

लायब्ररीतून फोन. "काकूंचं पुस्तक राहिलंय हो द्यायचं." काकूच राहिल्या नाहीत, हे सांगायला जीभ वळेना. आणून देतो म्हटलं. देणार नाही! खूण अर्ध्यावर आहे. सुगंधानेच विणलेली, क्रोशाची.

१४ जानेवारी

संक्रांत. आमच्याकडे यंदा सण नाही. शेजारच्या प्रेमाताई वाटीत लाडू ठेवून गेल्या. "गोड बोला" म्हणाल्या नाहीत. बरं केलं.

तिची अबोली रंगाची सुती साडी माझ्या उशीखाली आहे. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी नेसलेली, न धुतलेली. तिला वास – पावडर, खोबरेल, थोडी फोडणी. जान्हवीलाही सांगितलेलं नाही. बाप खुळावला म्हणेल पोरगी. म्हणू दे!

१७ जानेवारी

आज एक काम उरकलं. तिच्या चांगल्या साड्या तेराव्यालाच बहिणी-भाच्यांना वाटल्या होत्या. माळ्यावर एक गाठोडं राहिलं होतं – विटलेल्या सुती साड्या, काही तर माझ्या ओळखीच्याही नव्हत्या. खाली बोहारीण आली. घासाघीस केली, झाकणाचा मोठा स्टीलचा डबा मिळवला. झकास! सुगंधाला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो.

मग तिथेच बसलो.

१९ जानेवारी

वाट लागली.

प्रेमाताई आल्या, लताताईंना घेऊन. लताताई सुगंधाची शाळेपासूनची मैत्रीण. विक्रोळीत जन्म गेला, बोलतात अजून मालवणीच. "भावजी, सुगंधाचा गाठोडा खंय आसा?"

मी डबा दाखवला.

मग दोघींकडून कळलं ते. जान्हवीला सातवा लागलाय. तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, जुनं मऊ लागतं – एवढं मलाही ठाऊक आहे! पण सुगंधा त्यासाठीच साड्या जमवत होती, हे कुठे ठाऊक होतं? तिच्या आईची, लताताईंची, प्रेमाताईंची, तिच्या स्वतःच्या. सगळ्यांची मिळून एक गोधडी.

"असं कसं केलंत भाऊजी," प्रेमाताई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

२३ जानेवारी

बोहारीण सापडत नाही. स्टेशनपासून हायवेपर्यंत डबा काखेत घेऊन फिरलो. बोहारणी भेटल्या, ती नाही.

२६ जानेवारी

दोघी पुन्हा आल्या. आपापल्या जुन्या साड्या आणल्या. हॉलमध्ये अंथरल्या. सुगंधा असताना दुपारी हेच चालायचं – एकीने पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी टाके घालायचे. रडकं प्रकरण आलं की कुणाचा तरी टाका वाकडा जायचा, मग सुगंधा हसत उसवायला बसायची. मी आतून ओरडायचो, "गोधडी शिवताय की नाटक बघताय!"

आज कुणी वाचलं नाही.

"सुगंधाची एक तरी जुनी साडी होयी हुती," लताताई म्हणाल्या. "बाळाक आजी कशी कळतली?"

प्रेमाताईंनी माझ्याकडे बघितलं. "एकही नाही उरली?"

"नाही." धडधडीत खोटं!

२७ जानेवारी

लताताईंना फोन केला. समजा, सापडलीच एखादी, तर तशीच घालता येईल का?

"तशीच? बाळाक? गरम पाण्यातसून काढूकच होयी. सापडली काय?"

फोन ठेवला.

२८ जानेवारी

फोडणीचा वास गेलाय. खोबरेलाचा आहे अजून. एवढंच उरलंय माझ्याकडे. कुणाला देऊ, का देऊ?

२९ जानेवारी

जान्हवीचा बोरिवलीहून फोन. बाळ फार लाथा मारतं म्हणाली. मग म्हणाली, "आई असती ना बाबा..."

३१ जानेवारी

साडी धुतली. मीच. दुपारपर्यंत वाळली. आता नुसता साबणाचा वास.

गोधडीत मधोमध बसली. दोघी टाके घालत होत्या. मी तिचं पुस्तक आणलं, खुणेपासून पुढे मोठ्याने वाचायला लागलो. लताताईंचा टाका वाकडा गेला.

म्हटलं, उसवू नका.