मुदपाकखान्यातलं आडनाव

प्रिय रघू,

काल संध्याकाळी शारदेने पासपोर्टचा अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि एका रकान्यावर बोट टेकवून विचारलं, "आत्या, आडनाव काय लिहू?" म्हणून हे पत्र. तुला जाऊन चार महिने झाले. गेलेल्या भावाला पत्र लिहीत बसणाऱ्या बायकांतली मी नव्हे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पण जे तोंडावर सांगायचं होतं ते सांगितलं नाही, आणि आता दुसरी सोय उरलेली नाही.

तुझी मुलगी इंग्लंडला शिकायला चालली आहे, रघू! शिष्यवृत्ती मिळाली. तू असतास तर आपल्या सगळ्या तिरुवल्लिक्केणी पेठेला फिल्टरची कापी पाजली असतीस, आणि मी "पुरे" म्हणाले असते. इथे मद्रासेत ती र. शारदा. त्या 'र'मध्ये तू आहेस, आणि इथे कुणाला त्याहून जास्त लागत नाही. तिकडे लागतं.

तूच म्हणायचास ना, "देवाला गोत्र पुरतं, अक्का. आडनाव मागतं ते सरकार." तुझ्या तेराव्यालाही भटजींनी गोत्र विचारलं, तीन पिढ्यांची नावं विचारली आणि पुढे गेले. मला हायसं वाटलं. का वाटलं, तेच सांगायला बसले आहे.

बंदरावरच्या कचेरीत प्रवाशांच्या याद्या लिहायचं तुझं काम. दुसरा कारकून कंटाळून गेला असता. तू प्रत्येक बोटीमागे दोन-चार आडनावं घरी घेऊन यायचास, पानावर बसून हात वाळेपर्यंत त्यांचे अर्थ सांगायचास, आणि मग एकेक आडनाव कार्डावर टिपून लाकडी खणात लावायचास. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट आणि आपला लोहार, सगळे एकाच भट्टीपाशी उभे! पोर्तुगीजांचा परेरा म्हणजे नासपतीचं झाड. आणि इथल्या, मद्रासेजवळच्या कोवलमहून मासळी आणणाऱ्या परेराने जन्मात नासपती पाहिलेली नाही! आंध्रातला माणूस घराचं नाव आधी सांगतो, स्वतःचं मागून. "आधी घर, मग माणूस. बघ अक्का, केवढी नम्रता!" मी म्हणायचे, "भात निवतोय."

ब्रह्मदेशातून माणसं परतू लागली त्या दिवसांतली एक तिकडची बाई आठवते? तिला आडनावच नव्हतं. त्यांच्यात नसतंच. तुझा साहेब ओरडला, "रकाना रिकामा चालणार नाही!" आणि तू म्हणालास, "सर, आमचा चार पिढ्या रिकामाच चाललाय." घरी येऊन तू हे सांगितलंस तेव्हा शारदेला हसता हसता ठसका लागला. मीही हसले. रघू, त्या हसण्याची मला आज लाज वाटते. आपला रकाना रिकामा नव्हता. मला ते नाव माहीत होतं.

मी वीस वर्षांची होते, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तू अकरा-बारांचा. मुंबईहून मला पाहायला माणसं आली. मुलाच्या वडिलांनी आडनाव विचारलं. अण्णा म्हणाले, "इथे लावायची रीत नाही. आम्ही राव."

"राव? अहो, मद्रासेत सगळेच राव!" ते गृहस्थ हसले. "तंजावरच्या दरबारात तुमचे वाडवडील होते कोण?"

"लेखक," अण्णा म्हणाले. बोलताना त्यांनी पंच्याचं टोक मुठीत धरलं होतं.

माणसं जिना उतरली आणि आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "हे बघ, पाणके आपण. यांच्या आजोबांचे आजोबा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पाणी भरायचे. खांद्यावर घागर घेऊन. यांना ते सांगवत नाही. तूही कुणाला बोलू नकोस. रघूला तर नाहीच! त्याच्या पोटात काही राहत नाही, उद्या सगळ्या गल्लीला कळेल."

मी शब्द दिला. आई आणि अण्णा होते तोवर पाळला. पण दोघं गेल्यावर तो शब्द कुणाशी होता? कुणाशीच नाही. पुढे मी जे लपवलं ते माझ्यासाठी.

कॉलेजात इतिहास शिकवू लागले तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीत मीही सांगितलं, आमचे पूर्वज दरबारी लेखक. एकदाच सांगितलं. मग दर वर्षी नव्या येणाऱ्या बाईंना कुणीतरी माझ्या वतीने ते सांगू लागलं आणि मी मान हलवू लागले. घरातली पहिली पदवीधर मुलगी पाणी भरणाऱ्याच्या वंशातली कशी असेल, असं मला वाटायचं. इतिहास शिकवणाऱ्या बाईला असं वाटावं!

आणि तू विचारलंस तेव्हा मी काय केलं? शारदा हायस्कुलात गेली त्या वर्षी तू विचारलंस, "अक्का, अण्णा तुला कधी बोलले का? आपलं मूळ आडनाव?" मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, "काहीतरी 'नीस' होतं म्हणतात. चिटणीस, पारसनीस, तसलं."

तू ताडकन उठून बसलास. "नीस म्हणजे नवीस! फारसी! लिहिणारा!"

त्या एका वाक्याने मी तुला आठ वर्षं चुकीच्या दारात उभं केलं. तू मोडी शिकलास. दर मे महिन्यात रजा काढून तंजावरला गेलास आणि लेखकांच्या, कारकुनांच्या याद्या वाचत बसलास. तंजावरचा मे, आणि दम्याचा माणूस! तू परत आलास की मी विचारायचे, "सापडलं?" मी विचारायचे, रघू! तू ट्रंक खाली ठेवत म्हणायचास, "अजून नाही. दप्तर पुष्कळ पडलंय."

एकदा मात्र मी सांगणार होते. तू बंदरावरून आलास तो चपला न काढताच थेट चुलीपाशी. "अक्का, आज सक्का नावाचा अरब व्यापारी होता. अर्थ माहीत आहे? पाणी वाहून पाजणारा! त्याचा कुणी पणजोबा पखाल घेऊन फिरला असेल, आणि हा केवढ्या ऐटीत सांगतो! मोठाली आडनावं लोक मागून घेतात, अक्का. असली साधी असतात ना, ती खरी असतात. आपलं असं एखादं निघालं तर मी दारावर पितळी पाटी लावीन!"

माझ्या हातात आमटीचा डाव होता. नाव ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "आधी चपला काढ."

"सरि, सरि, काढतो," म्हणत तू मागे वळलास. आणि मी तसंच राहू दिलं.

का? आडनावाची लाज तर तू त्या क्षणी पुसून टाकली होतीस. पण नाव सांगायचं तर 'नीस' खोटं होतं हेही सांगावं लागलं असतं. तोवर तुझे चार उन्हाळे त्यात गेले होते. मला धीर झाला नाही. वर्गात मुलींना "आधी चूक कबूल कर, मग बस" म्हणणारी मी!

थोडं तुलाही बोलू का? एवढा नावं खोदून काढणारा तू. माझ्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं असतंस तर तुला कळलं नसतं? पण अक्का सांगते ते खरं, हे तू लहानपणीच ठरवून टाकलंस आणि पुन्हा कधी तपासलं नाहीस. का रे ठेवलास इतका विश्वास?

असो. काल शारदेला मी म्हणाले, "पाणके लिही."

ती हसली. "हे कुठून काढलंत, आत्या?"

"काढलं नाही. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तुझा बाप अकरा-बारा वर्षांचा होता तेव्हापासून." मग मी सगळं सांगितलं. आईचं बोलणं, माझं 'नीस', सगळं.

तिचं हसू गेलं. तिने अर्ज स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "गेल्या मेमध्ये मी अप्पांना म्हटलं होतं, या वर्षी नका जाऊ, खोकला आहे. ते म्हणाले, अक्काने एवढं आठवून सांगितलंय, मला नुसतं शोधायचं आहे."

रघू, हे तू तिला म्हणालास? मला कधी सांगितलं नाहीस!

ती ओरडेल म्हणून मी वाट पाहत होते. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "आता तरी लाव ते नाव. त्याची इच्छा पुरी होईल."

"त्यांची की तुमची?" तिने विचारलं. पेन उचलून रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, रघुनाथ. "हे नाव माझ्यापासून कधी कुणी लपवलं नाही," म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसली.

तिकडे ती मिस रघुनाथ होईल. हाक तुझ्या नावाने मारतील आणि वळून पाहील ती.

आज सकाळी ती तुझ्या कार्डांचे खण घेऊन आली आणि एक कोरं कार्ड माझ्यापुढे टाकलं. "लिहा. अप्पा लिहायचे तसं. आडनाव, भाषा, अर्थ, आणि खाली, कोणी सांगितलं." मी लिहिलं. पाणके. मराठी. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पाणी भरणारा. शेवटच्या ओळीशी माझा हात थांबला.

"तुमचं नाव लिहा, आत्या. आणि तारीख. आजची."

मी लिहिलं. तिने ते वाचलं, 'प'च्या खणात सरकवलं आणि खण लावून घेतला. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. ती मागायची तुझ्याकडे होती, आणि तू माझ्यापासून दोन हातांवर बसून जेवत होतास तेव्हा मागायची होती.

आता ऐक. आईने आडनाव सांगितलं, पण त्या घागर वाहणाऱ्या माणसाचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. ते असलं तर मुदपाकखान्याच्या दप्तरात असेल, जिथे मी तुला कधी जाऊ दिलं नाही. येत्या मेमध्ये मी तंजावरला जाईन. मोडी मला येत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी शिकेन. सापडेपर्यंत दर वर्षी जाईन. आणि उद्या कॉलेजात, प्राध्यापकांच्या खोलीत सगळ्या जमल्या असताना, कुणी न विचारता सांगेन की आमचे पूर्वज लेखक नव्हते. आवाज न कापता सांगेन. हा शब्द तुला दिला आहे. आईला दिलेल्यापेक्षा हा बरा आहे.

तुझी,
अक्का

आज सकाळी शारदेच्या स्वाधीन केलं: आडनावांच्या कार्डांचे लाकडी खण तीन. टिपणवह्या सहा. तंजावरच्या याद्यांच्या नकला, एक गठ्ठा, सुतळीने बांधलेला. नवीन कार्ड एक. तिने सगळं पाहून घेतलं आणि सही केली. तुझी मोडीची वही दिली नाही, ती मला लागेल. तुझा चष्माही दिला नाही.